झीनियाचे जुने प्रेस फोटो: घ्या, पण आधी पाठ बघा

अमेरिकेतल्या बऱ्याच वर्तमानपत्रांनी आपली फोटोंची कपाटं रिकामी केली आणि ते प्रिंट आता ऑनलाइन विकायला असतात. लेकीकडे ओहायोत, डेटनजवळ राहायला होतो, तेव्हा शेजारच्या झीनिया गावाचे काही मागवले. कोल्हापुरात एका दैनिकाच्या फोटो विभागात माझी नोकरी झाली, ब्रोमाइड, म्हणजे फोटोचा कागद, धुण्यापासून छपाईचा ठसा करणाऱ्या ब्लॉक विभागाकडे पाठवण्यापर्यंत. त्यामुळे हा रिव्ह्यू शौकिनाचा कमी आणि कारागिराचा जास्त आहे.

झीनियाच का, ते आधी सांगतो. ३ एप्रिल १९७४ ला दुपारी पावणेपाचच्या सुमारास या गावावरून टॉर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, गेला. त्या चोवीस तासांत १३ राज्यांत मिळून १४८ टॉर्नेडो झाले आणि झीनियाचा त्यातल्या सर्वांत भयंकर, एफ-५ वर्गातला. तीसहून जास्त माणसं गेली, हजारावर जखमी झाली. पंचवीसेक हजार वस्तीचं गाव, त्यातलं निम्मं मोडून पडलं. धोक्याचा भोंगा गावात नव्हताच, तो नंतर आला. हायस्कूलची मुलं नाटकाची तालीम करत होती, ती उठून पळाली म्हणून वाचली. ज्या रंगमंचावर ती होती त्यावरच शाळेची बस येऊन पडली. गावातून चाललेल्या मालगाडीचे डबे रस्त्यावर आडवे झाले. सहाव्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन येऊन गेले.

बस, डबे आणि निक्सन, हेच प्रिंट सर्वांत महाग. माझ्या मते तेच सर्वांत कमी कामाचे. ते सगळीकडे छापून आलेत, आणि त्यातले पुष्कळ मूळ प्रिंट नसून तारेने, म्हणजे टेलिफोनच्या वायरवरून, आलेले असतात. ओळखायला सोपं: खालच्या पट्टीत इंग्रजी फोटोओळ फोटोतच उमटलेली असते आणि भिंगातून आडव्या रेघा दिसतात. चेहरे पिठात बुडवल्यासारखे. लांबच्या शहरातल्या पेपरला एवढंच मिळायचं आणि आठवड्याभरात त्यांचा रसही संपायचा. ढिगारा छापला, पुढची बातमी घेतली.

पैसे घालायचे तर पाठीवर गावच्या किंवा जिल्ह्याच्या पेपरचा शिक्का असलेल्या प्रिंटवर घाला. त्यांना गाव सोडून जाता येत नव्हतं. ‘झीनिया डेली गॅझेट’ला या वार्तांकनासाठी १९७५ चं पुलित्झर, अमेरिकेतल्या पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक, मिळालं, तेव्हा त्यांचा शिक्का दिसला की विक्रेता भाव चढवतो, हे गृहीत धरा.

मला मिळालेला सर्वांत सरस प्रिंट पहिल्या नजरेला अगदी सामान्य आहे. हार्डवेअरच्या दुकानाचा गल्ला, मालक काट्यावर खिळे तोलतोय, समोर चार-पाच गिऱ्हाईकं रांगेत. पडझड कुठेही नाही. पाठीवर जांभळा शिक्का, ऑक्टोबर १९७४. म्हणजे सहा महिन्यांनीसुद्धा गावात खिळ्यांना रांग होती! कडेला लाल मेणकट पेन्सिलीने फोटो कुठे कापायचा ते दाखवलंय आणि डाव्या बाजूचा, भिंतीला टेकून पेपर वाचणारा म्हातारा उपसंपादकाने बाहेर काढलाय. मी त्याला नक्की ठेवला असता. मालकाचं टक्कल काळ्या कपाटात मिसळू नये म्हणून त्याभोवती ब्रशने पांढऱ्या रंगाची बारीक कड मारलेली आहे. उजेडात तिरपं धरलं की ती कड चमकते. आमच्याकडे हेच काम पोस्टर कलरने व्हायचं आणि हात थरथरला की पुढाऱ्याला तेजोवलय यायचं.

दुसरा प्रिंट ऑगस्टचा, जत्रेतला. कालवड धरून उभी असलेली शाळकरी पोर. तिच्यामागची झाडं बघा: फांद्या नाहीतच, खोडालाच पालवी फुटलेली. फोटोओळीत झाडांचा उल्लेख नाही, कालवडीला बक्षीस मिळाल्याचाच आहे. छापून आलेल्या ओळीचं कात्रण पाठीवर डिंकाने चिकटवलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. किल्लारीच्या वेळी, १९९३ मध्ये, आमच्याकडेही ढिगारे आठ कॉलमी गेले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडलेल्या बायांचे फोटो आले, ते दोन कॉलमांत कसेबसे बसले, काही बसलेच नाहीत. ते आता कुठे आहेत कोण जाणे. इथे निदान शिक्का मारून कोणीतरी कपाटात लावून तरी ठेवलेत.

आता तक्रारी. ‘मूळ प्रिंट’ म्हणून आलेला एक सरळ आजच्या इंकजेटवर काढलेला निघाला. कागद पांढरा फटक, पाठ कोरी. पैसे परत मिळाले, टपालखर्च बुडाला. वेबसाइटवरच्या स्कॅनवर विक्रेत्याचा शिक्का एवढा मोठा मारतात की फोकस बरोबर आहे का ते कळत नाही. म्हणून पाठीचा स्कॅन दाखवत नसतील तर मागवूच नका. आणि एक लक्षात घ्या, तुम्ही कागद विकत घेताय, छापायचा हक्क नाही. दिवाळी अंकात वापरायचा बेत असेल तर वेगळी परवानगी लागेल.

नुसतं बघायचंच असेल तर खिशाला चाट नको. डेटनच्या राइट स्टेट विद्यापीठाच्या अभिलेखागारात ‘डेटन डेली न्यूज’चा जुना संग्रह आहे. तिकडे आधी चौकशी करा, मग खरेदीचं ठरवा.

साध्या प्रिंटला वीस डॉलरच्या आसपास पडले. कालवडीला ते रास्त, खिळ्यांना स्वस्त. पॅकिंग चांगलं, दोन पुठ्ठ्यांत. घरी आल्यावर लॅमिनेशन अजिबात करू नका आणि पाठीवरचं कात्रण सोडवायला जाऊ नका. जावयाने हौसेने फ्रेम आणली, त्यात प्रिंट घातला की पाठ झाकली गेली. दोन्ही बाजूंना काच असलेली फ्रेम मिळते. ती प्रिंटपेक्षा महाग आहे, पण तीच घ्या.