होंडा की टोयोटा: एफ वन सोडायची बरी पद्धत कुठली?
मंदी आली, खर्च झेपेना, म्हणून होंडाने डिसेंबर 2008 मध्ये आणि टोयोटाने नोव्हेंबर 2009 मध्ये एफ वन (फॉर्म्युला वन कार रेसिंग) सोडलं, पण सोडण्या-सोडण्यात फरक असतो राव. होंडाने टीम एका पाउंडात टीमच्याच प्रमुखाला, रॉस ब्रॉनला दिली, त्याने गाडीत ऐनवेळी मर्सिडीजचं इंजिन बसवलं, पांढऱ्याफटक गाडीवर स्पॉन्सर जवळपास नाहीच आणि त्याच गाडीतून ड्रायव्हर जेन्सन बटनने पहिल्या 7 पैकी 6 रेस मारल्या, ड्रायव्हरची आणि टीमची अशा दोन्ही चॅम्पियनशिप पण आल्या! कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या हे खरंच, पण टीम जगली.

टोयोटाने मात्र थेट शटर ओढलं. 8 सीझन, एकही विजय नाही, आणि 2010 ची तयार गाडी रेसमध्ये उतरलीच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. माझं मत होंडाला.