कॅनडातला हिवाळा, आमची विद्युत मोटार आणि कंपनीने न दिलेले एक बटण

ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतलेल्या आमच्या विद्युत मोटारीला आता सहा महिने होऊन गेले आहेत. तिची ताकद, बॅटरी आणि किंमत यांची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती इथे देत नाही. लिहायला बसलो आहे ते एकाच कारणाने: चार्जिंगच्या आधी बॅटरी गरम करून ठेवण्याची सोय या गाडीत आहे, पण ती चालवणाऱ्याच्या हाती दिलेली नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही मिसिसागाहून ऑटावाला निघालो, तेव्हा बाहेर उणे १९ अंश तापमान होते आणि गाडी रात्रभर घरासमोर उघड्यावर उभी होती. बेलव्हिलपर्यंतच्या सुमारे २१५ किलोमीटरमध्ये बॅटरी १०० वरून २२ टक्क्यांवर आली. दीडशे किलोवॉटचा फास्ट चार्जर मोकळा मिळाला, परंतु थंडीने त्याची केबल इतकी ताठ झाली होती, की गुडघ्याचा टेका देऊन ती दोन्ही हातांनी वाकवावी लागली. एवढे करून पडद्यावर आकडा दिसला तो ३१ किलोवॉटचा. ऑक्टोबरमध्ये याच जागी एवढीच बॅटरी भरायला २७ मिनिटे लागली होती, या वेळी ६८ लागली. तिथले बिल युनिटवर नसून मिनिटांवर आहे, त्यामुळे तितक्याच विजेसाठी अडीचपट पैसे मोजावे लागले आणि ते मला आजही सलते आहे. नाशिकहून आलेली आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसली होती. "अरे, गाडी बिघडली असेल तर तसं सांग, मी काही घाबरत नाही," असे ती म्हणाली, तेव्हा तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

परतल्यावर सर्व्हिस सेंटरने गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि "थंडीत असे होतेच" असे सांगून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. त्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतले द्रावण दाट होते, आयनांची हालचाल मंदावते, आणि अशा वेळी जबरदस्तीने प्रवाह ढकलला तर बॅटरीच्या ग्रॅफाइट असलेल्या ऋण टोकावर धातुरूप लिथियमचा थर साचून बॅटरीचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडीची नियंत्रणयंत्रणा स्वतःच प्रवाह कमी करते. परंतु हे टाळण्यासाठीच तर बॅटरी गरम करण्याची यंत्रणा बसवलेली असते, मग ती चालली का नाही, याचे उत्तर मला दोन फेऱ्यांमध्ये कोणीही दिले नाही.

तिसऱ्या फेरीला एका तरुण तंत्रज्ञाने एकच प्रश्न विचारला: "रस्ता कुठल्या नकाशात लावला होता?" मी नेहमीप्रमाणे फोनवरचा नकाशा लावला होता. गाडीच्या स्वतःच्या नकाशात फास्ट चार्जर हे मुक्कामाचे ठिकाण म्हणून निवडले, तरच ही गाडी वाटेत बॅटरी गरम करू लागते. हे समजल्यावर "गाडी सदोष आहे" हे माझे म्हणणे मी मागे घेतले, आणि इथेही मागे घेतो. फेब्रुवारीत उणे १४ अंशांत याच चार्जरवर गाडीचा नकाशा लावून गेलो, तेव्हा सुरुवातच ११८ किलोवॉटने झाली आणि ३१ मिनिटांत आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो.

तरीही माझी तक्रार उरते आणि ती मला मोठी वाटते. त्या चार्जरच्या समोरच्या बाजूला नवे चार्जर झाले आहेत, तिथे बिल युनिटवर आहे, पण गाडीच्या नकाशाला ते ठाऊकच नाहीत. परिणामी जुन्या चार्जरचे नाव घालून बॅटरी गरम करायची आणि शेवटच्या वळणावर नव्याकडे गाडी वळवायची, असा द्राविडी प्राणायाम मी दर खेपेला करतो. "बॅटरी गरम करा" एवढे एक बटण पडद्यावर दिले असते, तर यातले काहीही करावे लागले नसते. अन्य काही कंपन्यांच्या गाड्यांमध्ये ते आहे.

घरच्या चार्जिंगबाबतही माझे मत बदलले. २०२४-२५ च्या त्या हिवाळ्यात इथे रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत वीज युनिटला २.८ सेंट पडत होती, वितरणाचा खर्च वेगळा, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी ४ ते ९ मधला दर याच्या दहापट होता. त्यामुळे मी अकराच्या ठोक्याला चार्जिंग सुरू करत असे. त्या शनिवारी ते अडीचला संपले आणि नंतर साडेतीन तास बॅटरी गारठत राहिली. आता निघण्याची वेळ गाडीत भरून ठेवतो, म्हणजे चार्जिंग पहाटे सहाच्या सुमारास संपते, आतली हवा घरच्या विजेवर तापते आणि स्वस्त दरही सुटत नाही.

रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती अंतर जाते याबद्दल, फार लिहीत नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये घेतलेल्या चाचणीत उणे ७ अंशांना हीटर बंद असताना सरासरी १२ टक्के, आणि सुरू असताना ४१ टक्के रेंज घटली होती. माझा अनुभव याहून फार वेगळा नाही. सर्वाधिक वीज जाते ती पाच-सहा किलोमीटरच्या किराणा-शाळेच्या फेऱ्यांत, कारण प्रत्येक वेळी थंड पडलेली गाडी नव्याने तापवावी लागते. सीट गरम करायला मात्र हीटरच्या मानाने नगण्य वीज लागते. आईला मागची गरम सीट इतकी आवडली आहे, की हीटर दोन अंशांनी कमी केला तरी तिची हरकत नसते.

बटणाविषयी कंपनीला मी सविस्तर पत्र लिहिले आहे. पुढच्या हिवाळ्याआधी सॉफ्टवेअरमधून ते आले, तर इथेच नोंद करीन.