‘जजमेंट डे’नंतर कोणता टर्मिनेटर बघायचा?

‘टर्मिनेटर’ ही भविष्यातून आलेल्या मारेकरी रोबोंची हॉलिवूड चित्रपटमालिका. 1984चा पहिला आणि 1991चा ‘जजमेंट डे’ हे दोन भाग बघून झाले की नव्या प्रेक्षकाला हमखास प्रश्न पडतो: पुढचे बघावेत का, आणि बघायचेच तर कोणता? 2003चा ‘राइज ऑफ द मशीन्स’, 2009चा ‘सॅल्व्हेशन’, 2015चा ‘जेनिसिस’ आणि 2019चा ‘डार्क फेट’ असे चार आहेत. यातला एकही दुसऱ्या भागाच्या आसपास पोहोचत नाही, हे आधीच मान्य करून टाकू. पण चारही वेगवेगळ्या तऱ्हेने निराश करतात, आणि निवडायचं असेल तर तोच फरक कामाचा आहे. (पुढे शेवटासकट सगळं फोडणार आहे. ज्यांना पाटी कोरी ठेवायची आहे त्यांनी इथेच थांबावं.)

खरी अडचण दुसऱ्या भागातच आहे. 1991मध्ये जेम्स कॅमेरॉनने गोष्ट संपवून टाकली होती. माणसांवर उलटणारी स्कायनेट ही संगणकप्रणाली ज्या सायबरडाईन कंपनीतून जन्मणार होती, तिथलं संशोधन जळून खाक, पहिल्या भागातल्या रोबोची चिप आणि यांत्रिक हात वितळलेल्या पोलादात, पाठोपाठ अर्नोल्ड श्वार्झनेगरचा रोबोही त्यातच. 29 ऑगस्ट 1997ला होणारं अणुयुद्ध टळलं. म्हातारी सारा कॉनर बागेत बसली आहे, तिचा मुलगा जॉन (यंत्रांविरुद्ध माणसांचा भावी पुढारी) मोठा होऊन सिनेटर झाला आहे, असा एक शेवट चित्रितसुद्धा झाला होता. तो कापला गेला आणि त्या जागी आला रात्रीचा रस्ता आणि साराचा आवाज. तो उघडा रस्ता ठेवला नसता तर पुढच्या निर्मात्यांना आत शिरायला जागाच उरली नसती. प्रत्येकाला आल्या आल्या एकच काम करावं लागलं: टळलेलं संकट परत आणायचं. ते कोणी कसं आणलं, यावरच मी हे चार तोलतो.

जोनाथन मोस्तोच्या ‘राइज ऑफ द मशीन्स’चं उत्तर सगळ्यात साधं आहे. संकट टळलं नव्हतंच, लांबणीवर पडलं होतं. पण हे पचवण्याआधी पहिला तासभर बऱ्याच गोष्टी पोटात घालाव्या लागतात. सारा रक्ताच्या कर्करोगाने आधीच गेलेली आहे, जॉनच्या भूमिकेत एडवर्ड फर्लाँगच्या जागी निक स्टाल आहे, आणि अर्नोल्डची एंट्री बारमधल्या एका नाचणाऱ्याचे कपडे आणि चांदणीच्या आकाराचा गॉगल घालून होते. आधीच्या भागात विनोद प्रसंगातून यायचा, इथे तो वरून शिंपडला आहे. क्रिस्टाना लोकेनची मारेकरी रोबो टीएक्स दुसरी यंत्रंही ताब्यात घेऊ शकते, पण दुसऱ्या भागात मारेकरी झालेल्या रॉबर्ट पॅट्रिकच्या नुसत्या धावण्यात जी धास्ती होती ती तिच्याकडे नाही. क्रेनचा पाठलाग मात्र झकास. खऱ्या रस्त्यावर खरं लोखंड फिरतंय हे जाणवतं.

आणि मग शेवट. जॉन आणि त्याची साथीदार केट एका डोंगराच्या पोटात शिरतात. स्कायनेटचा गाभा तिथे आहे आणि तो उडवला की झालं, अशी त्यांची समजूत. आत सापडतं ते शीतयुद्धाच्या काळात बड्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेलं जुनं आश्रयस्थान. गाभा नाहीच, स्कायनेट म्हणजे जगभरच्या संगणकांत पसरलेलं सॉफ्टवेअर. अर्नोल्डने त्यांना तिथे पाठवलं ते युद्ध थांबवायला नाही, जिवंत ठेवायला. बाहेर क्षेपणास्त्रं सुटतात, रेडिओवर घाबरलेली माणसं विचारू लागतात, आणि जॉन उत्तर देतो. बिग बजेट उन्हाळी चित्रपट जगाचा खरोखरच शेवट करून थांबतो. दुसऱ्या भागाचा आशावाद तो मोडतो, पण मोडून काहीतरी ठोस हातात देतो. पुढच्या तिघांना हे जमलेलं नाही.

‘डार्क फेट’ची गोष्ट याच्या बरोबर उलट: सुरुवात धाडसाची, शेवट गुळमुळीत. यात कॅमेरॉन निर्माता म्हणून परतला, दिग्दर्शन टिम मिलरचं, आणि मधले तिन्ही भाग घडलेच नाहीत असं धरलं. पहिल्या काही मिनिटांतच संगणकाने तरुण केलेल्या चेहऱ्यांसह 1998चा प्रसंग येतो आणि छोट्या जॉनला गोळी लागते. ज्या पोरासाठी दोन चित्रपट जीव मुठीत धरून पाहिले, तो असा गेला. अनेक चाहत्यांनी इथेच चित्रपटावर फुली मारली, आणि त्यांचा राग मला समजतो. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. एवढी मोठी किंमत मोजून पुढे काय, तर पुन्हा तेच. स्कायनेट गेलं, त्याच्या जागी लीजन. जॉन गेला, त्याच्या जागी दानी रामोस. भविष्यातून मारेकरी येतो, रक्षक येतो, पळापळ सुरू.

तरीही बघण्यासारखं बरंच आहे. लिंडा हॅमिल्टन हायवेवर गाडीतून उतरते तेव्हा पडद्याला वजन येतं. सुरकुत्या, चीड, दारू, काहीच लपवलेलं नाही. मॅकेन्झी डेव्हिसची रक्षक ग्रेस अर्धी यंत्र आहे, झटक्यात लढते आणि मग औषधाविना कोसळते. तिच्यामुळे मारामारीला घड्याळ लागतं. दानीच्या पोटी तारणहार जन्मणार असं साराला वाटत असतं, पण दानी स्वतःच पुढारी निघते, हा टोला साराच्या पोटी तारणहार जन्मणार असं सांगणाऱ्या पहिल्या भागालाच आहे. अर्नोल्ड तर चक्क पडद्यांचा धंदा करणारा कार्ल झालाय, आणि लहान मुलीच्या खोलीला कसले पडदे शोभतील यावर गंभीरपणे बोलतो. तिसऱ्या भागातल्या गॉगलपेक्षा हा विनोद शंभर पटीने बरा, कारण तो पात्रातून येतो. शेवटची विमान आणि धरणाची मारामारी अंधारी, गिचमिड आणि लांबलेली आहे. कोण कुठे आहे तेच कळत नाही. सुमारे 18.5 कोटी डॉलर खर्चाच्या चित्रपटाने जगभरात 26 कोटींच्या आसपास गल्ला जमवला. जाहिरात आणि थिएटरवाल्यांचा वाटा धरला तर हा मोठा तोटा.

‘जेनिसिस’ने संकट परत आणलं नाही, सगळा इतिहासच खोडून नव्याने लिहिला. 1984च्या पहिल्या चित्रपटातले प्रसंग पुन्हा उभे केले आणि त्यात म्हातारा अर्नोल्ड घुसवला. पहिली वीस मिनिटं गंमत वाटते. नंतर कोण कुठल्या कालरेषेतून आला याचा हिशोब पात्रंच एकमेकांना समजावत बसतात. सारा झालेली एमिलिया क्लार्क आणि तिच्या रक्षणासाठी भविष्यातून येणारा काइल रीस झालेला जय कोर्टनी यांच्यात प्रेमाची ठिणगी पडत नाही, आणि पहिल्या भागाचा तर तोच कणा होता. जॉन कॉनरच खलनायक, हे कथेतलं एकमेव मोठं वळण ट्रेलरमध्येच दाखवून टाकलं होतं. ज्याने कोणी तो निर्णय घेतला त्याला दंडवत. चीनमधल्या कमाईसह आकडा 44 कोटी डॉलरपर्यंत गेला, तरी ठरवलेले पुढचे दोन भाग बनलेच नाहीत.

‘सॅल्व्हेशन’बद्दल थोडक्यात: हा एकटाच भविष्यातल्या युद्धात घडतो, त्यामुळे पाठलागाचा साचा नाही. क्रिश्चन बेल सतत एकाच पट्टीत ओरडतो, पण अँटन येल्चिनचा तरुण काइल रीस सुरेख आहे आणि सुरुवातीचा हेलिकॉप्टर कोसळण्याचा प्रसंग बघाच. आपण माणूस नाही हे माहीत नसलेल्या मार्कसची कल्पना चांगली होती; शेवटी तिचं मातेरं केलं.

तर एकच बघायचा असेल तर ‘राइज ऑफ द मशीन्स’. 109 मिनिटांत आटपतो, आणि शेवटची दहा मिनिटं मधल्या सगळ्या थिल्लरपणाची भरपाई करतात. साराचं पुढे काय झालं हा प्रश्न तुम्हाला जास्त छळत असेल तर ‘डार्क फेट’ घ्या, पण दोन्ही लागोपाठ बघू नका. एकात सारा नाही, दुसऱ्यात जॉन नाही, आणि डोक्यात नुसता गुंता होतो. ‘सॅल्व्हेशन’ टीव्हीवर लागला असेल तर चॅनल बदलायची गरज नाही. ‘जेनिसिस’ सोडून द्या. त्या वेळात 2008ची ‘द सारा कॉनर क्रॉनिकल्स’ ही मालिका सुरू करा. ती दोनच सीझन चालली आणि अर्ध्यावर तुटली, पण लेना हेडीची सारा या चौघांतल्या बहुतेक पात्रांपेक्षा जास्त जिवंत आहे.