गावचं रेशन कार्ड ठेवावं की सांगलीत नवं काढावं?

कुपवाड एमआयडीसीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांपुढे हा पेच हमखास येतो.

खटपट बघितली तर जुनं कार्ड सरळ जिंकतं. 'वन नेशन वन रेशन कार्ड' म्हणजे एकाच कार्डावर देशात कुठेही रेशन मिळण्याची सोय. त्यात कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगायचा, ई-पॉसवर, म्हणजे दुकानातल्या ठसा घेणाऱ्या मशीनवर, अंगठा लावायचा. नव्यासाठी आधी गावी नाव कमी केल्याचा दाखला, मग इथला रहिवासाचा पुरावा. भाडेकरार द्यायला घरमालक कां-कूं करतात आणि गाडं तिथेच अडतं.

धान्य 'प्राधान्य कुटुंबा'ला, म्हणजे कमी उत्पन्नामुळे त्याला पात्र ठरलेल्या घराला, माणशी 5 किलो, दोन्हीकडे तेवढंच. जानेवारी 2023 पासून फुकट. जुन्या कार्डावर आपल्या वाट्याचं इथे, उरलेलं घरच्यांना गावी उचलता येतं. नव्यात मेख अशी, की शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59 हजारांच्या आत हवं. कायम पगारी माणूस त्यात बसणं अवघडच! शिवाय इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांची ठरलेली संख्या, भरला असेल, तर कार्ड हातात पडतं, धान्य नाही.

जुनं कार्ड दगा देतं ते अंगठ्यावर. फाउंड्रीत वाळू हाताळून बोटांच्या रेषा झिजतात, मशीनला ठसा जुळत नाही. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघावं. कुटुंब सोबत असेल तर कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याचा ठसा चालतो. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली तर मात्र नावच उडू शकतं.

बायको-मुलं गावी असतील, तर जुनंच ठेवा. सगळं बिऱ्हाड इथे आणि कमाई तुटपुंजी असेल, तर नवं काढा. पण मिरज तहसीलच्या पुरवठा शाखेत इष्टांक विचारल्याशिवाय गावचं नाव कमी करू नका.