नजर थरथरतेय की वायफाय? परदेशी ऑनलाइन एसआय कोर्सचे दहा महिने

काल रात्री सव्वाबाराला मेल आला. शेवटचं असाइनमेंट परत. कारण काय, तर मुलाच्या डोळ्यांची हालचाल व्हिडिओत स्पष्ट दिसत नाही, कृपया चांगल्या दर्जाचा व्हिडिओ पाठवावा. हे मला कोण सांगतंय? ज्यांनी दहा महिने मला डोळ्यांच्या जागी ठिपके दाखवले, ती मंडळी. राग ताजा आहे तोवर लिहून टाकते.

कोर्सचं नाव सांगणार नाही, प्रमाणपत्र अजून हातात यायचंय. ब्रिटनमधला आहे, ओटी (माझ्यासारखे ऑक्युपेशनल थेरपिस्ट), फिजिओ आणि स्पीचवाल्यांसाठी, सगळा ऑनलाइन. एसआय म्हणजे सेन्सरी इंटिग्रेशन, स्पर्श, तोल, आवाज अशा संवेदनांशी मुलाला जुळवून घेता यावं म्हणून खेळातून द्यायची थेरपी. याहून जास्त सांगत बसत नाही, वाचणारे बहुतेक आपल्याच लाइनीतले. फी पौंडात. कार्डाचा फॉरेन मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी धरून सव्वा लाखाच्या वर गेली. इचलकरंजीत दोन खोल्यांचं क्लिनिक चालवणाऱ्या बाईला हा आकडा झोपेतही आठवतो.

आता तो व्हिडिओ. तिसऱ्या मॉड्यूलमध्ये पोस्ट-रोटरी निस्टॅग्मस आहे, म्हणजे गोल फिरून थांबल्यावरची बुबुळांची थरथर; त्यावरून मुलाची तोलाची जाणीव तपासतात. मूल फिरत्या पाटावर मांडी घालून बसतं, मान जरा पुढे, २० सेकंदांत १० फेऱ्या, मग झटकन थांबवायचं आणि बुबुळं किती सेकंद थरथरतात ते मोजायचं. मग उलट्या बाजूने तेच. फार वेळ थरथरली तर कुणाचंही लक्ष जाईल. जेमतेम हलून थांबली तर तेही तेवढंच बोलकं असतं, आणि ते मात्र पाहायला डोळा तयार व्हावा लागतो. बीओटीला (ओटीच्या पदवीला) असताना हे आमच्या वाट्याला दोन ओळींत आलं होतं. खरं सांगायचं तर या एका गोष्टीसाठीच मी पैसे भरले.

प्लेअरला क्वालिटी निवडायचं बटणच नाही. सगळं ऑटो, डाउनलोड बंद. मूल थांबतं, कॅमेरा डोळ्यांजवळ जातो आणि नेमके त्याच क्षणी चेहऱ्याचे चौकोन होतात. दोन करडे ठिपके. नजर थरथरतेय की माझं वायफाय, कळायला मार्ग नाही. मी तक्रार केली. पहिलं उत्तर : कॅशे साफ करा. दुसरं : वेगळा ब्राउझर वापरा. तिसऱ्या वेळी स्पीड टेस्टचा फोटो पाठवला, फायबरचं कनेक्शन आहे माझं. चौथं उत्तर : आमच्याकडे नीट दिसतंय. अहो, तुमच्याकडे दिसणारच, सर्व्हर तुमच्या उशाशी!

सबटायटल्सचं वेगळंच. यंत्राने केलेली. 'टॅक्टाइल डिफेन्सिव्हनेस', म्हणजे स्पर्श नकोसा होणं, तिथे सबंध मॉड्यूलभर 'टेक्स्टाइल डिफेन्स' म्हणून उमटतं. इचलकरंजीत बसून हे वाचताना वाटायचं, यंत्रमागवाल्यांच्या मोर्चाबद्दल बोलतायत.

निस्टॅग्मस शेवटी पाहिला कुठे, तर ऑगस्टमध्ये चुलत नणंदेच्या मंगळागौरीला. दोघी पोरी फुगडी घालून थांबल्या, तशी एकीची हनुवटी धरून मी डोळ्यांत बघत बसले. बुबुळं एका बाजूला सावकाश सरकत होती आणि झटका मारून परत येत होती, पुन्हा सरकत होती. इतकं स्वच्छ! सासूबाई ओरडल्या, "अगं, पोरीला पाणी दे, बघतेस काय नुसती?" फुगडीला ठरलेला वेग नसतो, त्यामुळे किती सेकंद टिकलं याला अर्थ नाही. पण काय शोधायचंय ते कळलं. फुकट. जेवणासकट.

इथवर वाचून कोर्स घेऊच नका असं म्हणतेय वाटेल. एप्रिलपर्यंत मी तसंच म्हणत होते, ओटींच्या ग्रुपवर लिहिलंही होतं. ते शब्द अर्धे परत घेते.

कारण लाइव्ह क्लास. महिन्यातून एकदा, त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि त्यांचं घड्याळ पुढे गेलं की साडेदहा. मागे शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत असतात. पहिल्या दिवशी माइक सुरू केला तर मेंटरबाईंनी विचारलं, "रेल्वे जातेय का?" मी म्हटलं, नाही, हे रात्रभर असंच. त्यावर त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कानावर हात ठेवणारी मुलं येतात, ती याच आवाजात झोपतात का? हा प्रश्न इतक्या वर्षांत मी एकाही आईला विचारला नव्हता.

एप्रिलमध्ये मी सहा वर्षांच्या मुलाची केस मांडली. झोक्यावर बसत नाही, आई म्हणते हट्टी आहे, आणि मीही सेन्सरी डाएटची, म्हणजे दिवसभरात करून घ्यायच्या हालचाली-खेळांची, नेहमीची यादी हातात देऊन मोकळी झाले होते. माझाच व्हिडिओ त्यांनी मध्येच थांबवला. "त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघा." पोरगं प्लॅटफॉर्म स्विंगवर (सपाट फळीच्या झोक्यावर) पोट टेकून होतं, हातांनी दोरी आवळलेली, आणि अंगठा खाली जमीन चाचपत होता. वीस वेळा पाहिलेला व्हिडिओ, अंगठा एकदाही दिसला नव्हता. हट्ट कसला, पाय सुटायची भीती. पुढच्या सेशनला स्विंग जमिनीपासून चार बोटांवर आणला आणि गप्प बसून राहिले. पाऊण तासाने तो स्वतः बसला, दोन्ही पाय टेकून. जून संपेपर्यंत स्विंग वीतभर वर गेला होता.

अजून एक बरं. पुराव्यांबद्दल थापा नाहीत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२मध्ये या थेरपीबद्दल सावध राहायला सांगितलं होतं, ते पहिल्याच आठवड्यात समोर ठेवतात. मग शाफ आणि सहकाऱ्यांचा २०१४चा अभ्यास, ३२ स्वमग्न मुलांचा, आणि त्यातून काय सिद्ध होतं नि काय होत नाही यावर तासभर चर्चा. पालकांना आश्वासनं देताना माझी जीभ आता जरा अडखळते. चांगलंच आहे.

चाचण्यांचा भाग ठीक. एसआयपीटी हा एसआयचा जुना चाचणीसंच १९८९चा, १७ चाचण्या, वय ४ वर्षं ते ८ वर्षं ११ महिने, नॉर्म्स (तुलनेचे आकडे) तिकडच्या मुलांचे. आपल्याकडे शाळेने तक्रार केल्यावर नऊ-दहा वर्षांचं मूल पहिल्यांदा येतं, त्याचं काय करायचं? ३ ते १२ वयासाठीच्या ईझी या नव्या चाचणीसंचावर वेगळं मॉड्यूल आहे, तेवढे पैसे वसूल.

खोलीचे नियम मात्र लंडनच्या भाड्याने लिहिलेले. फिडेलिटी मेजरप्रमाणे (थेरपी ठरल्याप्रमाणे होतेय का ते तपासायची यादी) छताला किमान ३ हुक, मध्ये अडीच-तीन फूट अंतर. घरमालक एका हुकालाच स्लॅबला हात लावू देईना. शेवटी फॅब्रिकेटरकडून लोखंडी फ्रेम करून घेतली. क्रॅश पॅड (मुलांनी अंग टाकायची जाड गादी) विकत घेतला नाही, जाड कापडाची खोळ शिवून त्यात गिरणीतलं कॉटन वेस्ट ठासून भरलं. मुलांनी घरी करायच्या कामांत कोर्सवाले बागेतली पानं गोळा करायला सांगतात. मी दळणाचा डबा गिरणीतून उचलून आणायला सांगते. स्नायूंना जोर लागण्याशी मतलब.

तर चार तारे देणार होते, त्यातला एक प्लेअरने खाल्ला.

अपडेट, दुसऱ्या दिवशी : पुन्हा शूटिंग करायचं म्हणून मुलाच्या आईला फोन केला, लेखी परवानगी परत लागते. ती म्हणाली, "मॅडम, गेल्या वेळचा चांगला आलता की ओ." म्हणून माझ्या फोनवरची मूळ फाइल उघडली. बुबुळं लख्ख दिसतात, झटके मोजता येतात. मग त्यांच्या साइटवर जाऊन माझंच अपलोड चालवून पाहिलं. मूल थांबलं, डोळे जवळ आले, आणि चौकोन. दोन करडे ठिपके.

दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी लावून पाचवी तक्रार टाकली. उत्तर आत्ताच आलं. कॅशे साफ करा.

दोन तारे.