‘तेर द'एर्मेस’ : टिकण्यापलीकडचा सुगंध

सांगलीत परफ्यूमचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास ‘टिकतो किती?’ हाच असतो, आणि विक्रेतेही त्याचे उत्तर तयार ठेवूनच बसलेले असतात. एर्मेस या फ्रेंच घराण्याचा ‘तेर द'एर्मेस’ हा पुरुषांसाठीचा परफ्यूम केवळ या मापाने मोजला, तर दहा हजारांच्या आसपास मोजून घेतलेली शंभर मिलिलिटरची बाटली अनेकांना डोईजड वाटेल. माझ्या मते या सुगंधाची किंमत तो किती तास राहतो यात नाही; तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा बदलत जातो, आणि बदलूनही स्वतःसारखाच कसा राहतो, यात ती आहे.

एर्मेसची सुरुवात 1837 मध्ये पॅरिसात घोड्यांचे साज बनवणाऱ्या कारखान्यातून झाली. प्रस्तुत सुगंध 2006 चा असून तो जाँ-क्लोद एलेना यांनी रचला आहे. मोजक्या घटकांत काम करणारा रचनाकार अशी त्यांची ख्याती आहे आणि ती येथे पटते.

फवारल्यावर प्रथम संत्रे जाणवते, परंतु सरबतातले गोड संत्रे नव्हे; सालीचा कडवटपणा, त्यामागून ग्रेपफ्रूटची आंबट धार आणि लगेच मिरी. याच टप्प्यावर चकमकीचे दगड एकमेकांवर घासल्यावर येतो तसा कोरडा, किंचित धुरकट वास डोकावतो, आणि मला तोच या रचनेचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. फळांचा भर ओसरला की पचौली (एका झुडपाची सुगंधी पाने) आणि देवदारवर्गीय लाकूड पुढे येते, आणि त्यांच्याखाली लोबानाची हलकी ऊब घेऊन वाळा शेवटपर्यंत राहतो. माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल, तरी त्यात आपल्या वाळ्याचा हिरवा गारवा शोधू नये. येथे तो कोरडा, मुळाकडचा आणि काहीसा कठोर आहे.

जाहिरातीत माती आणि दगड यांचा बराच उल्लेख असल्याने काहींना पहिल्या पावसाच्या वासाची अपेक्षा असते. तो वास ज्याला हवा असेल त्याने कनौजचे मिट्टी अत्तर घ्यावे. ही बाटली त्यासाठी नाही. अत्तराशी तुलना करतानाही एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पारंपरिक अत्तर तेलात, बहुधा चंदनतेलात, उतरवलेले असते. त्यामुळे ते अंगाशी राहते आणि सावकाश उलगडते, तर मद्यार्कात विरघळवलेला परफ्यूम हवेत उठतो आणि त्याचे हलके घटक आधी उडून जातात. कानातल्या फायाकडून असते तीच अपेक्षा फवाऱ्याकडून ठेवणे हा दोन्हींवर अन्याय आहे.

सांगलीच्या हवेत हा फरक ठळक होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा, विशेषतः घामेजल्या कातडीवर, संत्र्याचा आरंभ पाहता पाहता विरतो आणि मिरीचा तिखटपणा नको तितका पुढे येतो. भर दुपारी दुचाकीवरून गणपती पेठेत हिंडणाऱ्यासाठी मी हा सुगंध सुचवणार नाही. पावसाळ्यात मात्र, कृष्णेचे पाणी चढलेले असताना आणि हवा जड असताना, वाळा आणि लाकूड यांचा समतोल असा काही साधतो की हा परफ्यूम याच ऋतूसाठी घडवला असावा असे वाटते. हिवाळ्यातल्या संध्याकाळीही तो उत्तम चालतो.

आता टिकण्याविषयी. या रचनेत आयसो ई सुपर नावाचे कृत्रिम सुगंधद्रव्य मोठ्या प्रमाणात आहे. मऊ, लाकडासारखा वास देणारे हे द्रव्य काहींच्या नाकाला फिके लागते, तर काहींना ते मधूनच जाणवते आणि मधूनच नाहीसे होते. शिवाय कोणताही वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणून ‘तासाभरात उडाला’ ही तक्रार करण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारावे. लावणारा स्वतः या प्रकरणातला विश्वासू साक्षीदार नसतो. भावे नाट्यमंदिरात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या प्रेक्षकाला नाटकच पाहता यावे, यासाठी दोन फवारे पुरेत.

याच मालिकेत 2009 चा अधिक दाट ‘पार्फम’ आणि क्रिस्तीन नाजेल यांनी रचलेला 2018 चा ‘ओ अँताँस व्हेतिव्हेर’ हेही आहेत. ‘व्हेतिव्हेर’ म्हणजे वाळाच; निव्वळ वाळ्यावर प्रेम असेल तर या दोहोंतला हा दुसरा पाहावा. माझी पसंती मूळ 2006 च्या ‘ओ द त्वालेत’ या तुलनेने पातळ रूपालाच आहे, कारण कडवट साल आणि कोरडे मूळ यांच्यातली ओढाताण नंतरच्या रूपांत मवाळ झाली आहे. बाटली जाड काचेची, चौकोनी बांध्याची असून तिच्या तळाशी नारिंगी ‘एच’ आहे. देखणी आहे, पण पैसे त्यासाठी मोजू नयेत.

खरेदीपूर्वी कागदी पट्टीवरच्या वासावर निर्णय घेऊ नये. मनगटावर एक फवारा घ्यावा, मनगटे एकमेकांवर चोळू नयेत, दुकानातून बाहेर पडून आपली कामे करावीत आणि संध्याकाळी काय उरले आहे ते पाहून मत ठरवावे. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून अर्ध्याहून कमी दरात पुढे केला जाणारा माल पहिल्या दहा मिनिटांत बराचसा मुळासारखा भासतो आणि त्यानंतर नुसता गोडसर वास तेवढा उरतो. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा, खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक जुळतो का ते तपासावे, आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेता बाटली आरशापुढे न मांडता खोक्यासह कपाटात ठेवावी.