चिलटांचं औषध आणि माझी शाबासकी

खिडकीत मिनी गुलाबाच्या दोन कुंड्या. पाणी घालायला गेलं की मातीतून बारीक काळ्या चिलटांचं मोहोळ उठायचं. दोन-तीन मिलिमीटरचा जीव, धड उडताही येत नाही, पण वाचायला बसलं की थेट नाकाडोळ्यांत.

ऑनलाइन सापडलेल्या एका विक्रेत्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत निदान आलं : "ताई, अळ्यांनी मुळं पोखरलीत, आठवड्यात झाडं जातील." फोटोत मुळं दिसतच नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

बाटली आली. हिरवट पाणी, कडुनिंबासारखा वास. आत काय आहे, बॅच नंबर, मुदत, कशाचाही पत्ता नाही. सोबत मात्र नीट छापलेली चिठ्ठी : औषध घातल्यावर पाच दिवस पाणी देऊ नये, ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकावं.

पाच दिवसांत गुलाबांनी माना टाकल्या, दोन कळ्या गळल्या, पण चिलटं जवळजवळ गायब. मी अशी हुरळले की विक्रेत्याला 'जादू आहे!' असा मेसेज फोटोसकट धाडला आणि तीन मैत्रिणींना त्याचा नंबरही दिला.

तिसऱ्या आठवड्यात चिलटं परत. म्हणे डोस कमी पडला. मग मोठा कॅन, पैसे थेट खात्यावर, पावती नाही. मग अळ्यांसाठी 'खास जैविक पावडर'. पाकिटावर चिकटवलेल्या कागदावर नुसतं 'बीटी'. कागदाचा कोपरा सुटलेला होता, तो ओढला तर खालच्या मूळ लेबलवर 'कुर्स्टाकी' लिहिलेलं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, पण त्याचे प्रकार आहेत. कुर्स्टाकी पानं खाणाऱ्या, पतंगवर्गीय अळ्यांवर चालतो. चिलटांच्या अळ्यांना लागतो 'इस्राएलेन्सिस'. विचारल्यावर उत्तर आलं, "सगळं एकच असतं ताई."

मग मी इरेला पेटले. एका कुंडीत कॅनमधलं औषध, दुसरीत तेवढंच साधं पाणी, दोन्ही पाच दिवस कोरड्या. चिलटं दोन्हीकडे सारखीच कमी झाली! पुन्हा पाणी सुरू केलं आणि दोन्ही कुंड्यांत बटाट्याची एकेक चकती मातीवर दाबून ठेवली. तीन दिवसांनी उलटली. दोन्हींच्या खाली काचेसारख्या पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या, डोकी टाचणीच्या टोकाएवढी, काळी, चकचकीत.

सगळी करामत त्या चिठ्ठीची होती. मोठं चिलट जगतंच जेमतेम आठवडाभर. वरची माती सुकली की अंडी आणि कोवळ्या अळ्या मरतात, म्हणून आठवड्यात मैदान साफ दिसतं. ओलाव्यात खाली तगलेल्या अळ्या आणि कोष मात्र पाणी मिळताच पुढची पिढी काढतात, कारण अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा साधारण तीन-चार आठवड्यांचा. म्हणजे गिऱ्हाईक खूश होऊन शाबासकी देईपर्यंत वेळ मिळतो, आणि पुढची बाटली खपवायलाही.

या अळ्या मुख्यतः बुरशी आणि कुजका पाला खातात. फार झाल्या तर बारीक मुळं कुरतडतात, पण आठवड्यात झाड जाईल ही निव्वळ भीती घालण्याची भाषा. माझ्या कळ्या गळल्या त्या तहानेने. एवढ्याशा कुंडीतल्या गुलाबाला पाच दिवस कोरडं ठेवणं हा खरा मार होता.

आता बोट खुपसून बघते, वरची दोन सेंटिमीटर माती सुकली तरच पाणी घालते. ताटलीत पाणी साचू देत नाही. पिवळी चिकट कार्डं मातीलगत लावलीत, त्यांवर मोठी चिलटं अडकतात. अळ्यांसाठी पूर्ण नाव छापलेला इस्राएलेन्सिस आणला. तो मातीत फार दिवस टिकत नाही, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चारदा घालावा लागला. चिलटं संपली नाहीत, पण आता मोजता येतील इतकीच आहेत.

विक्रेत्याला दोन्ही चकत्यांचे फोटो पाठवले. त्याने पाहिले आणि मला ब्लॉक केलं. मैत्रिणींची माफी मागितली. एकीने तोवर कॅन मागवला होता. विक्रेता अजूनही जाहिरातीत गुलाबाच्या दोन कुंड्यांचा फोटो फिरवतो, खाली 'जादू आहे!' असं लिहिलेलं. त्या कुंड्या माझ्या आहेत.